बाटली मांडली कुणी?

महोदय,

फार्महाउसवरच्या पार्टीत अल्पवयीन मुले सापडली की यजमानाचे उत्तर ठरलेले: ‘मी कुणाला पाजली नाही.’ बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७७ मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. अडते ते ‘देणे’ सिद्ध करताना. बाटल्या टेबलावर मांडून यजमान वरच्या मजल्यावर झोपला, तर दिली कुणी? अमली पदार्थांबाबतच्या एनडीपीएस कायद्याचे कलम २५ जागेच्या ताबेदारालाही धरते, पण तिथे ‘जाणूनबुजून’ची मेख आहेच.

म्हणून पंचनाम्यात नुसत्या रिकाम्या बाटल्या मोजून भागत नाही. बुकिंग कुणाच्या नावे, आगाऊ रक्कम कुणाच्या यूपीआयवरून, दारूचे बिल कुणाचे, हे त्याच रात्री नोंदवावे. कोल्ड्रिंकच्या बाटल्याही सीलबंद कराव्यात. व्होडका बहुधा त्यातच असते. रक्ताचा नमुना टिकवून धरणाऱ्या सोडियम फ्लोराइडच्या कुपीत, लगेच. रक्तातले अल्कोहोल १०० मिलीमागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते; मध्यरात्रीची झिंग सकाळी दहाला कुठून सापडणार?

कलम ७७ अठराच्या आतल्यांपुरतेच. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, हे तर यजमानांच्या गावीही नसते.

– एक वकील, पनवेल