सडक्या कांद्यात पाणी किती, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात कुठेतरी बायोगॅस नाहीतर इथेनॉलचा प्रकल्प येणार, ही बातमी आता नवलाची राहिलेली नाही. तिच्यातले आकडेही ठरलेले : रोज इतके टन कचरा, इतक्या कोटींची गुंतवणूक, इतक्यांना काम. त्या टनांत पाणी किती आणि वाळलेला माल किती, हे मात्र हमखास गाळलेलं असतं. गॅस होतो तो घन पदार्थाचा. पाणी नुसतं वाहून आणायचं, तापवायचं आणि शेवटी बाहेर काढायचं.

लासलगाव, विंचूर, पिंपळगाव या बाजारांतला सडका कांदा घ्या. कांद्यात ८६ ते ८८ टक्के पाणी, म्हणजे एका टनात घन पदार्थ जेमतेम १२० ते १४० किलो. सगळं सुरळीत चाललं तर त्यातून २० ते ३० किलो शुद्ध केलेला गॅस निघतो. शंभर टन कांद्याच्या, म्हणजे दहा टनांच्या दहा गाड्या रिकाम्या केल्या, तर सरासरी अडीच टन. असा गॅस विकत घेण्याची केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये आली तेव्हा तेल कंपन्यांचा खरेदी दर किलोला ४६ रुपये होता. पुढे तो वाढला, पण हिशेब समजायला तोच धरू : १ लाख १५ हजार रुपये. कांदा फुकट मिळाला तरी टनामागे ५०० रुपये वाहतूक धरली की ५० हजार गेटवरच संपले. उरलेल्या पैशांत गॅस २५० बारपर्यंत दाबायची वीज, माणसं, दुरुस्ती आणि बँकेचा हप्ता बसवायचा. म्हणून वीसपंचवीस किलोमीटरच्या पलीकडून ओला कचरा आणायच्या गोष्टी ऐकल्या की पहिली शंका तिथेच येते.

मागणीची चिंता नाही, हे मान्य. २०२५-२६ पासून गॅस वितरकांना १ टक्का बायोगॅस मिसळणं बंधनकारक झालं असून २०२८-२९ पर्यंत ते प्रमाण ५ टक्के व्हायचं आहे. अडचण विकण्याची कमी, कचरा कुजवून गॅस करणारी बंद टाकी चालवण्याची जास्त.

कांदा टाकीत लवकर आंबतो, हाच त्याचा दोष. त्यातली साखर दोन-तीन दिवसांत आम्ल होते आणि ते आम्ल खाऊन मिथेन करणारे जिवाणू मात्र सावकाश वाढतात. आठवडाभर नुसता कांदा जास्त भरला की टाकी आंबट होते : गॅसमधलं मिथेन ५५-६० टक्क्यांवरून खाली येतं, फेस वर चढतो, गॅसच्या पाइपात शिरतो. सामू (पीएच) ६.८ च्या खाली जाईपर्यंत वाट पाहणारा चालक उशिरा जागा झालेला असतो, कारण सामू सर्वांत शेवटी हलतो. रोज मोजायचं ते आम्ल आणि क्षारता (आम्ल पेलायची ताकद) यांचं गुणोत्तर. ०.३ ते ०.४ असेल तर ठीक, ०.६ च्या वर गेलं की भरणं बंद, दुसऱ्या निरोगी टाकीतली रबडी (पचलेला पातळ माल) आत घ्यायची आणि शेणाचं प्रमाण वाढवायचं. घाईघाईने चुना ओतणं ही नेहमीची चूक. चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, गॅसचा दाब एकदम पडतो, टाकीवरचा घुमट आत ओढला जाऊ शकतो आणि तळाला चुनखडीचा थर बसतो. द्यायचाच तर खाण्याचा सोडा, थोडाथोडा.

दुसरा त्रास गंधकाचा. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारं गंधकच टाकीत हायड्रोजन सल्फाइड होतं. वाहनाच्या गॅसला भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के आणि हायड्रोजन सल्फाइड घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत लागतं. ते काढायला लोखंडी ऑक्साइडचे थर वापरतात. थर भरला की बाहेर काढून उघड्यावर टाकला, तर हवा लागून तो तापतो आणि पेट घेतो. ओला करून, पातळ पसरून, हळूहळू विझवावा लागतो. प्रकल्प अहवालात या कामाला एक ओळही नसते. शिवाय कांद्याबरोबर येणारी माती तळाला साचते, पापुद्रे वर तरंगून साय धरतात आणि जाळीच्या गोण्यांचे धागे घुसळणीच्या दांड्याला गुंडाळतात. चाळणी आणि वाळू बसायची टाकी ‘पुढच्या टप्प्यात’ ठेवली, की वर्षभरात मुख्य टाकी उघडून फावड्याने गाळ काढायची वेळ येते.

यावर उपाय आहे, आणि तो जिल्ह्याच्या पीकचक्रातच आहे. चाळीतला उन्हाळ कांदा जून ते ऑक्टोबरात सडतो. टोमॅटोचा गळका माल साधारण त्याच सुमाराला. साखर कारखान्यांचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, नोव्हेंबर ते मार्च, वाइनरीचा चोथा जानेवारी ते एप्रिल. शेण आणि शहराचं हॉटेलचं खरकटं बाराही महिने. शेणाचा पाया कायम ठेवून वरचा माल हंगामाप्रमाणे बदलला तर टाकी वर्षभर चालते, पण बदल १०-१५ दिवसांत हळूहळू करावा लागतो. विल्होळीला जर्मन सहकार्याने महापालिकेने उभारलेल्या प्रकल्पात हॉटेलचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र घेण्यामागे हेच तत्त्व : एक लवकर आंबतो, दुसरा त्याला सावरतो. प्रेसमडचे साधारण २५ टन एक टन गॅस देतात. पण उघड्यावर ढीग लावून ठेवलं तर तापून त्यातली ताकद उडून जाते. मेमध्ये वापरायचं प्रेसमड मार्चमध्येच दाबून झाकलं पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती रबडी. शंभर टन आत गेले तर सात-आठ टन गॅस होऊन जातात. ९० टनांच्या वर पातळ माल रोज बाहेर येतो. केंद्राने २०२३ मध्ये अशा सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये मदत मंजूर केली, ती उपयोगी आहे. पण भर पावसात द्राक्षबागेत किंवा सोयाबीनच्या रानात टँकर उतरवू कोण देणार? चार महिने साठवायला जागा नसेल तर रबडी ओढ्यालाच जाते.

आणि जे गॅस होत नाही, ते उरलेल्या गाळात घट्ट होतं. द्राक्षाच्या मालात बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे बुरशीवर फवारलेल्या मोरचूद-चुन्याचं, तांबं असतं. घन भाग निम्मा झाला की तांब्याचं प्रमाण दुप्पट. कंपोस्टमध्ये तांब्याची मर्यादा किलोला ३०० मिलिग्रॅम आहे. खत विकण्याआधी प्रत्येक ढिगाची तपासणी हवी.

नेमकं हेच मक्याच्या इथेनॉलला लागू आहे. येवला, नांदगाव, मालेगावचा मका आता डिस्टिलऱ्यांकडे वळतो आहे. टनाला साधारण ३८० लिटर इथेनॉल आणि सुमारे ३०० किलो कोरडा चोथा निघतो. हा चोथा कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जातो. स्टार्च गेला, बाकी सगळं तिसऱ्या हिश्शात गोळा झालं, म्हणजे बुरशीचं विष अफलाटॉक्सिनसुद्धा तिप्पट. मक्यात किलोला ८ मायक्रोग्रॅम असेल तर चोथ्यात २४, आणि पशुखाद्याची मर्यादा २०. परतीच्या पावसात भिजलेला मका १४ टक्के ओलाव्याच्या खाली न आणता पोत्यात भरला की सुरुवात तिथे होते. गेटवर ओलावा मापक असतोच. अफलाटॉक्सिनची पट्टी प्रत्येक गाडीला लावा, खर्च फार नाही.

‘बायोप्लास्टिक’ हा शब्द अलीकडे भाषणांत ऐकू येतो. उत्तर प्रदेशात कुंभी येथे बलरामपूर चिनी या साखर कंपनीने हाती घेतलेला पॉलिलॅक्टिक ॲसिडचा (लॅक्टिक ॲसिडपासून होणाऱ्या बायोप्लास्टिकचा) प्रकल्प वर्षाला सुमारे ८० हजार टनांचा, स्वतःच्या साखर कारखान्याला चिकटून. शिवाय लॅक्टिक ॲसिडच्या जुन्या पद्धतीत जवळपास तितकंच जिप्सम कचरा म्हणून पडतं. आपल्या एखाद्या अडचणीतल्या कारखान्याने ते स्वप्न पाहू नये. वाइनरीच्या तळाच्या गाळातून टार्टरिक आम्ल आणि चोथ्यातल्या बियांतून तेल काढणं आवाक्यातलं आहे. बियांतल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडासारख्या कठीण भागामुळे, टाकीत तशाही त्या पचत नाहीत, म्हणून आधी त्या वेगळ्या कराव्यात.

परवानगी किंवा जमीन देणाऱ्यांनी प्रत्येक प्रकल्पाकडून एक पान मागावं आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं : बारा महिन्यांचा माल महिनावार, प्रत्येकाचे वाळलेले टन, किती किलोमीटरवरून येणार, आणि १२० दिवसांची रबडी साठवायची टाकी कोणत्या गटात. शेवटचा रकाना कोरा असेल तर बाकीचे वाचायची गरज नाही.

आपले,
जैवइंधन प्रकल्पांत काम करणारे दोन अभियंते, नाशिक