मीद्वा ग्रेवा : ल्युब्ल्यानातील ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कोठेही छापायचे नाही, असे तुम्ही मला बजावले आहे, म्हणून या पत्रात तुम्ही केवळ ताई आहात. दूरध्वनीवर मी जेव्हा जेव्हा आभार मानू लागलो, तेव्हा तेव्हा तुम्ही विषय बदलून वाईतल्या पावसाची चौकशी केलीत. त्यामुळे हे पत्र उघडपणे लिहिण्यावाचून मला दुसरा मार्ग उरला नाही. शिवाय आम्ही परतल्यापासून ओळखीची मंडळी स्लोव्हेनियाचा बेत मागायला घरी येत आहेत, आणि तो बेत माझा नसून तुमचा आहे हे त्यांना एकदाच कळलेले बरे.

आपला परिचय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे झाला. त्यापूर्वी एका प्रवासी कंपनीचे पत्रक आमच्या हाती आले होते, चौदा दिवसांत नऊ देशांचे. त्यात स्लोव्हेनियाच्या वाट्याला एक दुपार होती. ब्लेडच्या तळ्याकाठी बस थांबणार, छायाचित्रे काढायची आणि रात्रीच्या मुक्कामाला पुढच्या देशात जायचे. त्या पत्रकातले तळ्याचे चित्र पाहून सौ. म्हणाली की हेच एक ठिकाण नीट पाहायचे आहे, बाकीचे आठ देश राहिले तरी चालतील. तुम्हाला मी पहिला फोन केला तो हे शक्य आहे का, एवढेच विचारण्यासाठी. तुम्ही उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारलात : "काकूंना एका दमात किती पायऱ्या चढता येतात?"

प्रामाणिकपणे सांगतो, मला तेव्हा तो प्रश्न विचित्र वाटला. प्रवासाला निघालेल्या माणसाला लोक किती पैसे आहेत ते विचारतात, किती दिवस आहेत ते विचारतात. पायऱ्या कोणी विचारत नाही. पण सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती गणपती घाटावर खाली कृष्णेपर्यंत उतरत नाही, वरच्या कट्ट्यावरच बसते, हे मी तुम्हाला सांगितले आणि सगळा बेत त्या एका माहितीभोवती उभा राहिला.

पुढचे सात रविवार, तुमच्या घड्याळात साडेचार आणि आमच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजता, आपण बोललो. नोकरी आणि दोन मुलांची शाळा सांभाळून, ज्यांना कधी पाहिलेले नाही अशा दोन म्हाताऱ्यांसाठी तुम्ही तो वेळ काढलात. स्लोव्हेनिया हा देश आहे तरी केवढा? वीस हजार चौरस किलोमीटरांच्या थोडा वर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या दुपटीहूनही किंचित लहान. आणि लोकसंख्या सुमारे २१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील सातारा जिल्ह्यापेक्षाही नऊ लाखांनी कमी. एवढासा देश नऊ रात्रींत पुरा होईल, असा हिशेब करून मी पाहण्याच्या ठिकाणांची एक लांबलचक यादी तुम्हाला पाठवली होती. ती यादी तुम्ही परत पाठवलीत तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणांवर काट मारलेली होती आणि प्रत्येक काटेपुढे कारण लिहिलेले होते.

त्या काटांविषयी मला विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या सहलीचे सारे सुख त्यांत होते. श्कोत्स्यानच्या गुहा १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहेत आणि तुमच्या स्वतःच्या मते देशात त्यांच्या तोडीचे दुसरे काही नाही. तरी तेथे पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत म्हणून तुम्ही त्या खोडल्यात. त्यांच्या जागी पोस्तोयनाची गुहा घातलीत, कारण तेथे पाच किलोमीटरच्या दर्शनापैकी जवळजवळ साडेतीन किलोमीटर अंतर छोट्या आगगाडीत बसून पार पडते आणि उरलेल्या वाटेवर पायऱ्या नाहीत. १८७२ मध्ये तेथे रूळ घातले तेव्हा डबे वाटाडे हातांनी ढकलत असत, हेही तुम्हीच सांगितलेत. विंतगारच्या घळीतली लाकडी वाट सोपी, पण ती आता एकाच दिशेने चालायची असते आणि परतताना डोंगरावरून यावे लागते, म्हणून तीही गेली. साविचाचा धबधबा गेला, कारण पुन्हा पाचशेवर पायऱ्या. व्रशिच खिंडीतून गाडी भाड्याने घेऊन जाण्याचा मुलाचा आग्रह होता. १,६११ मीटर उंचीच्या त्या खिंडीत पन्नास वळणे आहेत आणि तेथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते, एवढेच तुम्ही त्याला शांतपणे कळवलेत आणि तो विषय संपला.

त्या खिंडीपलीकडची सोचा नदी मात्र तुम्ही आम्हाला चुकू दिली नाहीत. १९०६ साली सुरू झालेल्या जुन्या लोहमार्गाने बोहिन्स्का बिस्त्रित्साहून निघायचे, सहा किलोमीटरांहून लांब बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे जायचे आणि खिडकीतूनच सोचा पाहायची, हा तुमचा तोडगा. त्या नदीचा रंग कसा आहे हे मला मराठीत सांगता येत नाही. सौ. म्हणाली की पाचूच्या खड्यात थोडे दूध मिसळले तर तसा होईल. पुढे सोल्कान येथे एका दगडी कमानीवरून गाडी नदी ओलांडते. ती कमान ८५ मीटरांची आहे, आणि दगडी बांधणीच्या रेल्वेपुलांत तिच्याएवढी मोठी कमान जगात दुसरी नाही, हे तुमच्या टिपणात वाचलेले असल्यामुळे आम्ही डब्यात आधीच उठून खिडकीशी उभे होतो.

एका काटेबद्दल मात्र मी अजूनही रुसलेलो आहे. त्या देशाला सारा मिळून सत्तेचाळीस किलोमीटरांच्या आसपासचा समुद्रकिनारा आहे आणि त्यावर पिरान नावाचे देखणे जुने गाव आहे. त्यापुढे तुम्ही लिहिलेत, "काकांना समुद्र हरिहरेश्वरला आहे." हे उत्तर बिनतोड होते, पण न्याय्य नव्हते.

व्हिसाच्या बाबतीत तुम्ही वेळेवर सावध केले नसतेत, तर आमचा अर्ज चुकीच्या देशाकडे गेला असता. मुंबईहून स्लोव्हेनियाच्या राजधानीला, ल्युब्ल्यानाला, थेट विमान नाही, म्हणून आम्ही व्हेनिसला उतरून पुढे बसने जाणार होतो. अर्ज भरून देणाऱ्या एका गृहस्थाने, ज्या देशात विमान उतरते त्याच देशाकडे अर्ज करायचा, असे ठामपणे सांगितले होते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाचा, नियम तसा नाही, हे तुम्ही समजावलेत : ज्या देशात अधिक रात्री काढायच्या, त्याच्याकडे अर्ज, रात्री समसमान असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहायचा. आमची इटलीत एक रात्र आणि स्लोव्हेनियात नऊ, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेतला जात नाही आणि पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. ९० युरो शुल्क. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा. हे सगळे तुम्ही एका कागदावर लिहून पाठवलेत, आणि त्याखाली एक ओळ जोडलीत की प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा तारखेप्रमाणे लावा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधावे लागणार नाही. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला ही सूचना फार भावली.

महिना सप्टेंबर ठरला तोही तुमच्याच सांगण्यावरून. शाळेतल्या नोकरीमुळे जन्मभर आम्ही केवळ मे महिन्याच्या सुट्टीत प्रवास केला आणि सगळीकडे सगळ्यांबरोबर गर्दीत उभे राहिलो. तिकडच्या शाळा १ सप्टेंबरला सुरू होतात आणि गर्दी ओसरते, हे कळल्यावर निवृत्तीचा खरा अर्थ मला उमगला.

लहान वाटणाऱ्या तुमच्या सूचनांनी आमचे दिवस वाचवले. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध, पाव, फळे शनिवारीच घेऊन ठेवा, असे तुम्ही सांगितले नसते तर बोहिन्यच्या तळ्याकाठी आमची उपासमार झाली असती. ल्युब्ल्यानाच्या जुन्या भागात मोटारींना मज्जाव आहे, तेव्हा सौ.चे कसे होणार या चिंतेत मी होतो. तेथे 'कवालिर' नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या फिरतात, हात दाखवला की थांबतात आणि पैसे घेत नाहीत, हे तुम्ही सांगितलेत. सौ.ने चार दिवसांत त्या हिरव्या गाडीवाल्यांशी अशी ओळख केली की शेवटच्या दिवशी एकजण हात न दाखवताच थांबला.

जेवणाचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत अवघड होता. बकव्हीटच्या, म्हणजे उत्तरेत उपासाला चालणाऱ्या कुट्टूच्या, पिठाचे झ्गान्त्सी हे तिकडचे साधे घरगुती अन्न. पाहता क्षणी ते उपम्याच्या गणगोतातले वाटते आणि शाकाहारी माणूस बेसावध राहतो. पण त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले कण पेरण्याची पद्धत आहे, हा इशारा तुमचाच. तुम्ही तिकडच्या भाषेत लिहून दिलेली चिठ्ठी सौ.ने पर्समध्ये जपून ठेवली होती आणि प्रत्येक खाणावळीत ती पुढे करत असे. त्यातले पहिले शब्द होते 'ब्रेज मेसा', मांसाशिवाय. मेसो आणि मांस हे एकाच घरचे शब्द आहेत हे माझ्या लक्षात आले, आणि मग मला दुसरे काही सुचेना.

येथे थोडे विषयांतर होईल, पण संस्कृतच्या शिक्षकाला तेवढी मुभा द्यावी. त्या देशाच्या ध्वजावर जे शिखर आहे, २,८६४ मीटर उंचीचे, त्याचे नाव त्रिग्लाव. ग्लावा म्हणजे डोके, म्हणजे हा त्रिशिर. हे मी नकाशात पाहून ओळखले होते. पण तिसऱ्या की चौथ्या रविवारी तुम्ही सहज बोलून गेलात की स्लोव्हेन भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे, बाजारात भाजी घेतानासुद्धा लोक ते वापरतात, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चाळीस वर्षे मी 'आवां गच्छावः' फळ्यावर लिहिले आणि मुलांनी मला विचारले की एकवचन आहे, बहुवचन आहे, मग हे मधले कशाला? मराठीने ते केव्हाच टाकून दिले, त्यामुळे माझ्याजवळ परीक्षेतल्या गुणांपलीकडे उत्तर नसे. तुम्ही म्हणालात, आम्ही दोघे जातो याला येथे 'मीद्वा ग्रेवा' म्हणतात. तो शेवटचा 'वा' आणि आपल्या 'गच्छावः'मधला 'व' हे सख्खे भाऊ आहेत, ताई. हजारो मैलांवर कोणीतरी तो प्रत्यय रोजच्या वापरात ठेवला आहे, हे समजल्यावर तळे, गुहा, किल्ला यांच्याइतकीच ती भाषा ऐकण्याची ओढ मला लागली. ल्युब्ल्यानाच्या मध्यवर्ती बाजारात, वास्तुशिल्पी प्लेचनिकने बांधलेल्या खांबांच्या ओळीत, सफरचंदे विकणाऱ्या बाईंना मी 'मीद्वा' म्हणून सौ.कडे बोट दाखवले. त्यांनी दोन सफरचंदे जास्त दिली. माझे व्याकरण बरोबर होते की त्यांना आमची दया आली, ते कळले नाही.

तुमच्या बेताचे मर्मही मला त्याच शब्दात सापडले. प्रवासी कंपनीचा बेत बहुवचनी होता, पंचेचाळीस माणसांचा. तुमचा बेत द्विवचनी होता.

त्या बेतात बोहिन्यच्या तीन दिवसांपैकी एक दिवस तुम्ही कोरा ठेवला होता. मी त्यावर हरकत घेतली होती, कारण एवढे पैसे खर्चून रिकामे बसायचे ही कल्पना मला सोसवेना. "तेथे पाऊस फार पडतो, त्या दिवशी काही लिहू नका," एवढेच तुम्ही म्हणालात. ज्या दिवशी आम्ही रज्जुमार्गाने वोगेल डोंगरावर जाणार होतो, त्या दिवशी समोरचा डोंगर तर सोडाच, तळ्याचा पलीकडचा काठही दिसत नव्हता. आम्ही खिडकीशी बसून पोतित्सा खाल्ली. अक्रोडाचे सारण भरून गुंडाळलेला तो गोड पाव सौ.ला इतका आवडला की तिने घरमालकिणीकडून कृती लिहून घेतली. दुसरा दिवस, तुमचा कोरा दिवस, धुतल्यासारखा लख्ख उजाडला. वर १,५३५ मीटरांवरून त्रिग्लाव पूर्ण दिसला, तिन्ही डोक्यांसह म्हणावे असा.

आता ब्लेडच्या बेटाविषयी. सगळ्या बेतात पायऱ्या असूनही तुम्ही न खोडलेली ती एकच जागा. त्यापुढे तुमची टीप होती : "९९ पायऱ्या. नावाडी बेटावर सुमारे चाळीस मिनिटे थांबतो. चढायचे की नाही ते काकूंनी ठरवावे." प्लेतना नावाच्या त्या छताच्या नावेतून, उभ्याने दोन वल्ही मारणाऱ्या नावाड्यामागे बसून आम्ही बेटावर पोहोचलो. सौ.ने जिन्याकडे एकदा पाहिले, पदर खोचला आणि ती निघाली. दर दहा पायऱ्यांवर ती थांबत होती, कठड्याला धरत होती, पुन्हा चढत होती, आणि मी तिला सांभाळायला म्हणून मागे होतो. बासष्टाव्या पायरीवर माझा दम संपला आणि मी तेथेच बसलो. ती वर गेली. थोड्या वेळाने देवळातली घंटा तीनदा वाजली. ती दोरी तिनेच ओढली होती, आणि खाली येताना माझी पिशवीही तिनेच घेतली.

तेव्हा ताई, एवढ्या उपकारांच्या ओझ्याखाली दबलेला असूनही एक दुरुस्ती सुचवतो. पुढच्या कोणा जोडप्यासाठी रविवार खर्ची घालाल, तेव्हा पायऱ्यांचा प्रश्न काकांनाही विचारा. मेतकूट आणि गोडा मसाला टपालाने पाठवला आहे. पोतित्सा येथे केली, अक्रोड पुरले, पण पाव फुगला नाही. सौ. रविवारी आठ वाजता त्याविषयी विचारणार आहे.

आपले ऋणी,
वाईचे काका आणि काकू