आमचं नवं बिऱ्हाड

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

घर विकलं गेलं, सह्या झाल्या. एप्रिलच्या मध्यावर आम्ही बोट घेऊन निघतोय. यापुढे आमचं बिऱ्हाड बोटीवरच, भूमध्य समुद्राच्या काठच्या मरीनांमध्ये, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या छोट्या बंदरांमध्ये. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणून विषय मिटवला असता. म्हणून सविस्तर लिहितेय. दोघांनी शेजारी बसून वाचा.

आई, आधी तुझ्या धास्तीचं. विहिरीचा विषय मी काढत नाही, पण तो माझ्याही मनातून गेलेला नाही. म्हणूनच बिस्केच्या उपसागराचा रस्ता आम्ही धरला नाही. तिथे अटलांटिकच्या लाटा थेट आत येतात. आम्ही फ्रान्सच्या पोटातून जाणार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सोलेंटपासून फ्रान्समधल्या ल आव्र बंदरापर्यंत सुमारे १०० सागरी मैल मोकळा समुद्र लागतो, तो हवा शांत असेल तेव्हाच आणि दिवसाउजेडी ओलांडायचा. पुढे सेन नदीने पॅरिस, मग मार्न नदी, कालवे, सोन नदी आणि शेवटी भूमध्य समुद्राला मिळणारी ऱ्होन नदी. कालव्यात वेग ताशी ६-८ किलोमीटर, बाबांच्या सकाळच्या फिरण्यापेक्षा जरासा जास्त. दोन्ही बाजूंना काठ हाताशी असतो. शिडाच्या बोटींना तिथल्या पुलांखालून जायला डोलकाठी उतरवावी लागते, आम्हाला फक्त रडारची कमान आडवी करायची आहे. तिथल्या जलमार्गांच्या नियमांची परीक्षा सुधीरने दिली तशी मीही दिली. एकाला बरं नसलं तरी दुसरं बोट नेऊ शकेल.

ऱ्होन नदीवर बोलेन नावाच्या गावाजवळ एक लॉक आहे. दोन्ही टोकांना दारं असलेली मोठी कोठी समजा. पाणी सोडलं की बोट एका दमात सुमारे २३ मीटर खाली जाते. ऐकून पोटात गोळा येईल, पण भिंतीच्या खाचेत तरंगता खुंटा असतो. दोरी त्याला अडकवली की पाण्याबरोबर खुंटाही उतरतो, दोरी सैल सोडत बसावं लागत नाही. भिंतीला लागू नये म्हणून बोटीच्या कडेला जाड फुगे बांधलेले असतात. लाइफ जॅकेट तर दोघांच्याही अंगात असणारच.

आता राहण्याचं. धक्क्यावरून वीज मिळते, पाणी मिळतं. पलंग पक्का आहे, रोज उघडमीट नाही. थंडीत डिझेलवर चालणारा हीटर. गॅसचा सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, गळती झालीच तर गॅस तळातून बाहेर निघून जाईल असा. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म बसवलेत. बाबा, तुम्ही आला होतात तेव्हा ओहोटीला धक्क्याचा उतार केवढा तिरका झाला होता, आठवतंय ना? भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी फूटभरही नसतो. बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावतात आणि मध्ये फळी टाकतात. आमच्या फळीला कठडा लावून घेतलाय, तुमच्या गुडघ्यांसाठी.

वाऱ्याबद्दल लपवत नाही. मिस्ट्रल नावाचा जोराचा वारा ऱ्होनच्या खोऱ्यातून खाली उतरतो आणि कधीकधी दिवसचे दिवस थांबत नाही. तेव्हा मरीनातून हलायचं नाही, हे आमचं पक्कं आहे. दोऱ्या दुहेरी करायच्या आणि झोपण्याआधी एकेक हाताने ओढून पाहायची. बाबा, तुम्ही रात्री मच्छरदाणीच्या चारही कडा गादीखाली खोचून पुन्हा एकदा फिरून बघायचात ना, तशी मी दोऱ्या बघत फिरते. मला तुमच्यामुळेच झोप लागायची. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

आणि आम्ही तुमच्यापासून लांब जात नाही आहोत. बोटीवर ब्रिटनचा झेंडा असल्याने ती युरोपीय संघात कर न भरता १८ महिने राहू शकते. आमच्या पासपोर्टवर मात्र शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांतले ९०च दिवस राहता येतं. म्हणजे जुलैच्या मध्यावर बोट मरीनात नीट बांधून आम्हाला बाहेर पडावंच लागणार, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आम्ही तुमच्याकडे. तीन महिने. नोकरीत असताना कधी दोन आठवड्यांच्या वर राहता आलं नाही, आई, आणि निघताना तू दारात कशी उभी असायचीस ते मला दिसायचं.

तेव्हा आता माझं ऐका. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ऑगस्टमधलीच घ्या, त्याआधी नको, त्यानंतरही नको. थेंब घालायला मी असेन. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, मी आले की काढेन. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवा, बिल मी भरते. दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो या आठवड्यात पाठवा, ते मी बोटीच्या कागदांबरोबरच ठेवणार आहे.

मोकळा समुद्र ओलांडायचा त्या दिवशी निघताना आणि पोचल्यावर, दोन्ही वेळा मेसेज करेन. मध्ये रेंज नसेल, तेव्हा फोन लागला नाही तर घाबरू नका. वाटल्यास दादाला फोन करा, आमचा नकाशा त्याच्याकडे आहे.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारी फोन उचला.

तुमची,
ताई