पूर ओसरल्यावरचा गाळ : छोटे ट्रॅक्टर आधीच ठरवून ठेवा

संपादक महोदय,

पावसाळापूर्व तयारीच्या बातम्यांत नालेसफाई असते, पंप असतात, बोटी असतात. पाणी ओसरल्यावर सोसायट्यांच्या आवारात उरणाऱ्या गाळाचा उल्लेख मात्र सापडत नाही. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या काठाने आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी परिसरात लोकांच्या घरादारांत गाळ शिरला. तो काढायला बहुतेकांची भिस्त फावडी, घमेली आणि पाण्याचे पाइप यांवरच. या कामाला मागे फळी जोडलेला छोटा ट्रॅक्टर सर्वांत योग्य आहे आणि त्याची सोय जूनच्या आत व्हायला हवी, यासाठी हे पत्र.

आधी हिशेब पाहा. आवारातला शंभर फूट लांब, वीस फूट रुंद रस्ता आणि त्यावर सहा इंच गाळ, म्हणजे एक हजार घनफूट, दहा ब्रास. ओल्या गाळाचे वजन घनमीटरला सोळाशे किलोच्या पुढे, म्हणजे सगळा मिळून ४५ टनांच्या वर जातो. घमेल्यात जेमतेम अर्धा घनफूट मावतो. दोन हजार घमेली झाली. बर्फाळ देशांत बागेतल्या ट्रॅक्टरने अंगणातला फूटभर बर्फ झरझर बाजूला सारतानाचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसेच होईल असे वाटते. पण ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतो. यंत्र तेच असले तरी पद्धत वेगळी लागते.

जेसीबी का नको? सात-साडेसात टनांचे ते धूड पेव्हर ब्लॉक खचवते, चेंबरची झाकणे फोडते आणि इमारतीखालच्या, खांबांमधल्या पार्किंगमध्ये तर शिरतच नाही. द्राक्षबागांच्या दोन ओळींमधून फिरणारा १८ ते २८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तीन-चार फूट रुंद आणि टनाच्या आतबाहेर वजनाचा असतो. तो खांबांमधून वळतो. मात्र तो फोर व्हील ड्राइव्हच घ्यावा. टू व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर ओल्या फरशीवर जागच्या जागी चाके फिरवत राहतो. मागे चार-पाच फुटी टेरेसर ब्लेड, म्हणजे माती सारायची लोखंडी फळी, जोडावे. त्याची लोखंडी धार ब्लॉक उखडते, म्हणून धारेवर जुन्या कन्व्हेअर बेल्टची सहा इंची पट्टी लोखंडी पट्टीखाली दाबून नट-बोल्टने घट्ट बसवावी आणि रबर धारेखाली दीड-दोन इंच राहू द्यावे. चेंबरच्या कडेला अडकले तर रबर दुमडते, ब्लेड वाकत नाही.

वेळ सर्वांत महत्त्वाची. पाणी उतरल्यावर पहिल्या दिवशी गाळ सरबरीत असतो आणि फळीपुढे सरकतो. ऊन पडले की तो चिकट होतो, फळीला आणि टायरला लपेटून बसतो. काळ्या मातीचा अंश जास्त असेल तर फारच. त्यानंतर वाळून भेगाळतो, मग त्याला टिकाव लागतो. चिकट अवस्थेत सापडलाच तर आधी पाणी शिंपडून तासभर मुरू द्यावे आणि फळी अधूनमधून धुवावी.

यंत्र आत घेण्यापूर्वी पार्किंगमधल्या मीटरचा वीजपुरवठा महावितरणकडून बंद झाल्याची खात्री करावी. मग एकाने काठीने चाचपत पूर्ण आवार फिरावे. पुरात चेंबरची झाकणे वाहून जातात आणि गाळाखाली भोक दिसत नाही. प्रत्येक चेंबरपाशी बांबू उभा करून लाल फडके बांधावे. (बर्फाच्या देशांतही रस्त्याच्या कडा कळाव्यात म्हणून हिवाळ्याआधीच काठ्या रोवतात.) पावसाळी गटारांच्या जाळ्या गोणपाटाने झाकाव्यात. लोक नेमके उलटे करतात, पाइप लावून सगळा गाळ त्याच जाळ्यांत ढकलतात, आणि पुढच्या सरीला तेच गटार उलटे वाहते.

गाळ खोल असेल तर फळी उलटी फिरवून, म्हणजे तिची पोकळ बाजू ट्रॅक्टरच्या विरुद्ध दिशेला करून, रिव्हर्समध्ये ढकलावा. सरळ ओढत नेले तर मागची चाके आधी गाळ तुडवतात. चाकोऱ्यांत दाबून बसलेला गाळ रबरी धारेला निघत नाही. रिव्हर्समध्ये सगळा जोर लिंकेजच्या, म्हणजे फळी ट्रॅक्टरला जोडणाऱ्या, दांड्यांवर येतो, म्हणून त्या दांड्यांना आडवे हलू न देणाऱ्या साखळ्या (चेक चेन) ताणलेल्या असाव्यात आणि वेग माणसाच्या चालीपेक्षा जास्त नसावा. लो रेंज, कमी गिअर. दर फेरीला फळीची निम्मी रुंदीच नव्या गाळात घालावी. फळीपुढे सहा घनफूट साचला की वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जाते आणि टायर घसरू लागतात. तेव्हा वीस-पंचवीस फुटांवर ढीग सोडून पुन्हा मागे यावे. थर नऊ इंचांच्या वर असेल तर पोझिशन लिव्हरने फळी उचलून वरचा निम्मा थर आधी काढावा. शेवटचा पातळ थर मात्र फळी सरळ करून, पंचवीस-तीस अंश तिरकी ठेवून ओढावा, म्हणजे तो एका कडेला ओळीने साठतो.

ढीग कंपाउंडच्या भिंतीला टेकवू नये. ओला गाळ पाण्यासारखाच आडवा दाब देतो. नऊ इंची वीटकामाला तो पेलत नाही. डंपर लागेल अशा ठिकाणी, गेटजवळ, वाट सोडून ढीग असावा.

तळघरात ट्रॅक्टर अजिबात नेऊ नये, डिझेलचा धूर तिथे कोंडतो. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर उघड्यावरही थांबावे. क्लच हाउसिंगच्या तळाला भोक असते, तिथून गाळपाणी आत गेले की क्लच प्लेट जाते. काम संपल्यावर ट्रान्समिशनचे तेल तपासावे; दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, बदलल्याशिवाय चालवू नये. रेडिएटर आतून बाहेर, हलक्या धारेने धुवावा. या गाळात सांडपाणी आणि उंदीर-जनावरांचे मूत्र मिसळलेले असू शकते, त्यामुळे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा धोका आहे. गमबूट आणि हातमोजे सगळ्यांनाच हवेत. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये.

महापालिकेकडे मागणी अशी : नदी-ओढ्याकाठच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने मे महिन्यातच रबरी धारेची फळी असलेले छोटे ट्रॅक्टर, चालकासह, तासाच्या ठरलेल्या दराने करारबद्ध करावेत आणि चालकाचा फोन नंबर सोसायट्यांना द्यावा. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर अशा कामावर आणताना विमा लागू राहतो का, हे करारातच लेखी असावे. ट्रॅक्टरसोबत डंपरही हवा, नाहीतर ढीग गेटपाशीच वाळतो. आणि तो डंपर कुठे रिकामा होतो, यावर कार्यालयाचा माणूस हवा. मुठेच्या पात्रात टाकलेला प्रत्येक ब्रास नदीची जागा खातो. उचललेला गाळ नदीकाठी ओतणाऱ्या ठेकेदाराचे बिल अडवले जावे, आणि ही अट पावसाळ्यापूर्वीच्या निविदेतच घालावी.

– पूरभागातील एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे