काकू, तुमचं सोनं टेक्ससच्या जत्रेत लुटलं

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तुम्ही साताऱ्याला पोचून दीड महिना होऊन गेला. फोनवर दोनदा बोललो, पण दोन्ही वेळा तुमचे गुडघे आणि माझ्या लेकीची शाळा यातच वेळ गेला. जे सांगायला फोन केला होता ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. जत्रेत ज्याच्या हातात आपलं कापडी आपट्याचं पान पडलं त्यानं विचारलंच, ‘हे कुणी केलं?’ तेव्हा इथल्या आपल्या माणसांनाही ते कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ह्यूस्टनच्या वायव्येला साधारण 50 मैलांवर टॉड मिशन नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1974 पासून रेनेसाँ फेस्टिव्हल भरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार-रविवार, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीचेच दिवस. अशा जत्रांची सुरुवात 1963 साली कॅलिफोर्नियात फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्यानं केली. फिलिसबाई शिक्षिका होत्या, मुलांची नाटकं बसवायच्या. आता अमेरिकेत ठिकठिकाणी लोक जुन्या युरोपातले पोशाख घालून जमतात, घोड्यावरच्या भाल्यांच्या झुंजी बघतात, ‘हझ्झा!’ म्हणून ओरडतात. मला मात्र ओढ आहे ती त्यांच्या कमरेच्या कातडी बटव्यांची. त्यात हातानं केलेल्या बारीकसारीक वस्तू असतात आणि अनोळखी माणसं थांबून त्या एकमेकांना देतात. बुचाच्या इवल्या बाटल्या, मातीची अळंबी, तारेत गुंडाळलेले खडे. याचं मूळ जुनं आहे. झुंजीला निघालेल्या सरदाराला बाई आपली खूण द्यायची, रुमाल किंवा चक्क झग्याची बाही. बाह्या तेव्हा वेगळ्या असायच्या, नाड्यांनी बांधायच्या, त्यामुळे सोडून देता यायच्या. त्या खुणेला ‘फेव्हर’ म्हणतात, आणि जत्रेतली मंडळी अजूनही तोच शब्द वापरतात.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा गेलो ते दुकानातून प्लास्टिकच्या अंगठ्यांचं पाकीट घेऊन. एका बाईंनी माझ्या लेकीच्या हातावर तांब्याच्या तारेचं, शिरा काढलेलं पान ठेवलं आणि हिची अंगठी तितक्याच मनापासून घेतली. पोरगी घरी येईपर्यंत गप्प. रात्री म्हणाली, ‘आई, त्यांनी केलेलं दिलं, मी विकतचं दिलं.’ मला उत्तर सुचलं नाही.

या उन्हाळ्यात तुम्ही मुलाकडे आलात आणि एका संध्याकाळी ती हे सगळं तुम्हाला सांगत बसली. तुम्ही शेंगा सोलत होतात. सोलता सोलताच म्हणालात, ‘अगं, हे तर सोनं लुटणंच की! मग आपट्याची पानं करू या.’ बस्स. दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅगेतून जरीकाठी नारायणपेठ काढलीत. अंग विरलेलं, काठ मात्र जसाच्या तसा. मी नको नको म्हणत राहिले, तुम्ही कात्री चालवलीत. ती साडी तुमच्या लग्नातली होती हे मला पुढे तुमच्या सूनबाईंकडून कळलं.

काकू, तुम्ही शिकवलेली रीत इथे लिहून ठेवते, कारण मी स्वतः केलं असतं तर पहिल्याच पानाची जर उसवली असती. आधी काठाला मागून पातळ खळ लावायची, उन्हात कडक वाळवायची, उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची, आणि मगच लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा ठेवून कापायचं. मागे जुन्या धोतराचं अस्तर. कडेनं काजटाका, आणि दोन पाळ्या जिथे मिळतात त्या खाचेत टाके जवळजवळ, कारण कापड तिथूनच फाटतं. लेकीचे टाके वाकडे आले की तुम्ही उसवायच्या नाहीत, ‘पुढचा सरळ घाल’ म्हणायच्या. एका काठातून साठ पानं निघाली. शेवटची बावीस तिनं एकटीनं शिवली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही गेलो. साखळ्यांचं चिलखत घातलेल्या एका उंच गृहस्थांनी पान उलटून आधी मागचे टाके पाहिले. काकू, तुम्ही असता तर खूश झाला असता, करणारा माणूस आधी मागची बाजूच बघतो! त्यांनी स्वतः विणलेला रुपयाएवढा चिलखताचा तुकडा दिला आणि नखानं दाखवलं, प्रत्येक कडी दुसऱ्या चार कड्यांतून ओवलेली आहे. मी मनात हिशेब करत होते, एवढ्या कामाला एक पान पुरेल का. आणि तुमचे शब्द आठवले, ‘वाण देताना समोरच्या ताटात बघू नये.’ पुढे दिवसभर हिशेब केला नाही.

मग हिरव्या झग्यातल्या एक आजी भेटल्या. दोन शिंगांच्या लाकडी लुसेटवर चालता चालता दोरी विणत होत्या. पान बघताच म्हणाल्या, ‘हे माझ्या अंगणात आहे.’ आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण टेक्ससच्या नैर्ऋत्य भागात अ‍ॅनाकाचो ऑर्किड नावाचं झाड खरंच उगवतं, आपल्या आपट्याच्याच कुळातलं, तशीच जोडपानं. लेकीनं त्यांना सांगितलं, आमच्याकडे दसऱ्याला हे पान सोनं म्हणून देतात आणि मोठ्यांच्या पाया पडतात. असं म्हणून ती तिथेच, धुळीत, त्यांच्या पाया पडली. त्या क्षणभर गांगरल्या, मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

साडीची गोष्ट ऐकून त्यांनी विणत असलेली दोरी तिथेच संपवली, गाठ मारली आणि म्हणाल्या, ‘ही शिवणाऱ्या बाईंना.’ चौकोनी विणीची, मानेला लागली तरी टोचणार नाही अशी. माझी नणंद डिसेंबरात पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवते. तुमच्या चष्म्याची दोरी तुटलीय ना, तिच्या जागी ही लावा.

लग्नातली साडी तुम्ही शेजारच्या पोरीच्या हौशीसाठी कापलीत, काकू. आभार मानायला मला याहून मोठा शब्द सापडत नाही, म्हणून तुम्हाला इथूनच वाकून नमस्कार करते. साठ पानांतलं एकच उरलंय, लेकीनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय. आणि ती विचारतेय, दुसरा काठ अजून आहे का?

तुमची,
समोरच्या गल्लीतली पोर