नळदुर्गला बोरीच्या काठाने पायवाट हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले की नळदुर्ग किल्ल्यातील नर-मादी धबधब्याची छायाचित्रे आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत झळकतात आणि लगेचच्या रविवारी सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या दिशेने वाहनांची रीघ लागते. सोलापूरहून जेमतेम ४५ किलोमीटरवर असलेल्या या किल्ल्याकडे आपल्या शहरातील लोक वळतात, ही समाधानाचीच बाब आहे. मात्र आलेली मंडळी दरवाजातून आत शिरतात, उपली बुरुजावर चढून तोफांपाशी फोटो काढतात, बंधाऱ्याच्या पोटातील पाणी महालात डोकावतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. किल्ला बाहेरून, बोरी नदीच्या घळीतून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही आणि आले तरी त्याची सोय नाही. नदीच्या काठाने या किल्ल्याला वळसा घालणारी, खुणा केलेली एक साधी पायवाट पुरातत्त्व आणि पर्यटन या दोन्ही विभागांनी मिळून आखावी, एवढे सुचवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

नळदुर्ग हा सह्याद्रीतल्या गडांसारखा डोंगरी किल्ला नाही आणि आपल्या सोलापूरच्या किल्ल्यासारखा निव्वळ भुईकोटही नाही. माळाचाच एक भाग बोरीच्या खोऱ्यात पुढे सरकलेला आहे, नदी त्याच्या पायथ्याशी दोन अंगांनी वाहते आणि त्या दोन बाजूंना ताशीव कड्यांनी जे काम आयते करून ठेवले होते, त्यावर बांधणाऱ्यांनी तटाचा कळस चढवला. गावाच्या बाजूने सपाटीवरून येणाऱ्याला हे काहीच उमगत नाही, कारण तिथे किल्ला आणि माळ जवळपास एका पातळीत आहेत. आत फिरताना तट दिसतो, पण तो कशावर उभा आहे ते दिसत नाही. ते पाहायचे तर खाली उतरून मान वर करावी लागते. काही ठिकाणी कड्याचा काळा पाषाण उभ्या खांबांच्या रूपात फुटलेला आहे, जणू कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आहेत, आणि त्या खांबांच्या माथ्यावरच घडीव दगडांचे थर सुरू होतात. निसर्गाचा दगड कुठे संपला आणि गवंड्याचा कुठे सुरू झाला, हे दगडांमधले चुन्याचे सांधे दिसू लागल्यावरच नीट ओळखता येते.

निजामाने १८५३ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर येथे कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याच्या नजरेतून हे खांब सुटले नव्हते. कड्यांची उंची ठिकठिकाणी ५० ते २०० फूट असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. १८६० मध्ये नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेले आणि एके काळी जिल्ह्याचे ठिकाण असलेले हे गाव पुढे हळूहळू मागे पडले.

पाणी महालाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण माझ्या सूचनेचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादिन याच्या हातून हे बांधकाम पूर्ण झाले. नळदुर्ग आणि पलीकडच्या तीरावरील रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारा हा बंधारा एकाच वेळी तीन कामे करतो. पाणी अडवून तो किल्ल्याची तहान भागवतो, अडलेल्या पाण्यामुळे तटालगत खंदक आपोआप तयार होतो आणि जवळची उंच जागा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बांधलेल्या रणमंडळाकडे जाण्यासाठी तोच रस्ता ठरतो. बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढलेल्या आहेत. नदी भरून बंधाऱ्याच्या नर आणि मादी या दोन्ही सांडव्यांतून कोसळू लागली म्हणजे त्या खोल्यांच्या खिडक्यांसमोर पाण्याचा पडदा पडतो आणि आत उभा असलेला माणूस कोरडाच राहतो. ही किमया आतून अनुभवावी हे खरेच. पण बंधाऱ्याची भिंत केवढी आहे, सांडव्यांची तोंडे कुठे ठेवली आहेत, पडणाऱ्या पाण्याने पाया उकरला जाऊ नये यासाठी खालचा खडक कसा कामी आला आहे, हे सारे प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहूनच समजते. आणि ते समजायला पाण्याचा लोंढा ओसरलेला असावा लागतो. म्हणजे ज्या दिवशी सर्वाधिक गर्दी असते, नेमक्या त्याच दिवशी ही स्थापत्यकला सर्वांत कमी दिसते.

नदीच्या घळीतून मध्ययुगीन तटबंदीला वळसा घालण्याची कल्पना काही अद्भुत नाही. स्पेनमधील टोलेडो या शहराला ताहो नदीने तीन बाजूंनी वेढले आहे. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या या शहराखालून, घळीच्या काठाकाठाने, अल्कांतारा पुलापासून सान मार्तीन पुलापर्यंत पायवाट काढलेली आहे. शहर याच जागी का वसले, हे तिथे चालणाऱ्याला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. बोरी ही ताहोच्या मानाने अगदीच लहान नदी असली, तरी नळदुर्गची रचना पाहता ही तुलना अवाजवी ठरू नये.

ही पायवाट म्हणजे सिमेंटचा रस्ता नव्हे. हल्ली कोणत्याही ऐतिहासिक स्थळाचा विकास म्हटला की पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि कारंजे हे त्रिकूट ठरलेले असते, म्हणून हे आधीच बजावून ठेवतो. नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि स्मारके देखभालीसाठी खासगी संस्थांकडे सोपवण्याच्या शासनाच्या वैभव संगोपन योजनेखाली किल्ल्याच्या आत बागा व रस्ते झालेही आहेत. बाहेर तसे काही नको. गुराख्यांच्या पायाने मुळातच पडलेल्या वाटा हेरून त्या जोडाव्यात, दगडांवर रंगाच्या खुणा कराव्यात, निसरड्या उतारावर चार दगडी पायऱ्या बसवाव्यात आणि मोक्याच्या तीन-चार जागी समोर काय दिसते ते सांगणारे मराठी फलक लावावेत. वाट जिथे शेताच्या बांधावरून जाईल, तिथे शेतकऱ्याची संमती आणि त्याला योग्य मोबदला हवा. वाटाडे म्हणून नळदुर्गच्याच तरुणांना प्रशिक्षण द्यावे, म्हणजे कचऱ्यावर लक्ष ठेवणारे डोळेही तयार होतील.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा. जून ते ऑक्टोबर या काळात घळीतील वाट पूर्णपणे बंद असावी, त्यात कोणाच्याही ओळखीपाळखीने सवलत मिळू नये. वर बोरी धरण आहे, ते भरून वाहू लागले की खालच्या पात्रातील पाणी झपाट्याने वाढते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत याच बोरीने खाली अक्कलकोट तालुक्यात काठच्या गावांची काय दैना केली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शेवाळलेल्या खडकावर सेल्फीसाठी उभे राहणाऱ्यांना आवरण्यासाठी बंदोबस्त लागतो तो वेगळाच. दिवाळीनंतर मात्र पाणी निवळते, तरवड फुललेले असते, ऊन सोसवते आणि माघ सरेपर्यंत चालण्यासारखे दिवस असतात. एरवी आमच्या भागातील ट्रेकर मंडळी या दिवसांत रात्रभर प्रवास करून पुणे-नगरकडचे गड गाठतात. त्यांना सोलापूर एसटी स्थानकावरून तासाभरात पोहोचता येईल अशी वाट मिळाली, तर ती नको म्हणतील असे वाटत नाही.

पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा भरते आणि लांबलांबून भाविक येथे येतात. त्यांतल्या अनेकांना किल्ला पाहण्याची इच्छा असते, शिवाय ऋतूही नेमका चालण्याचा असतो. किल्ला धाराशिव जिल्ह्यात आणि बहुसंख्य पर्यटक सोलापूरचे, त्यामुळे हा विषय दोन जिल्ह्यांच्या मधल्या फटीत पडून राहण्याची भीती वाटते. दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी पुरातत्त्व विभागातील जाणकार, जलसंपदा विभागाचे अभियंते आणि नळदुर्ग नगरपरिषद यांना सोबत घेऊन या हिवाळ्यात एकदा तो वळसा पायी घालावा, वाट कुठून जाऊ शकते आणि कुठून मुळीच जाऊ नये याचा नकाशा करावा आणि तो लोकांच्या हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर