आडनाव कळलं आणि जागा भरली

संपादक महोदय,

‘माझा कारखाना, माझा पैसा; कुणाला ठेवायचं ते मीच ठरवणार’ हे आता चहाच्या गाड्यावरही ऐकू येतं. गेल्या महिन्यात माझा भाचा कुपवाडच्या एमआयडीसीत काम विचारायला गेला. आयटीआय फिटर, हात चांगला. आधी ‘सोमवारपासून या’ म्हणाले. मग अर्जावरचं आडनाव वाचून ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ अशी चौकशी झाली. संध्याकाळी फोन आला, जागा भरली. पंधरा दिवसांनीही फाटकावर ‘फिटर पाहिजे’ची पाटी होतीच.

ओळखीच्या वकिलांना विचारलं. राज्यघटनेचं कलम १६ समान संधी देतं, पण सरकारी नोकरीत. खासगी भरतीत बाईमाणसाला डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच बंदी घातली. अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे. जात-धर्म बघून नोकरी नाकारणाऱ्या खासगी मालकाला अडवणारा सर्वसाधारण कायदा मात्र नाही. गंमत म्हणजे कलम १५ नुसार हॉटेल सर्वांना खुलं. तिथे चहा प्यायचा हक्क आहे, चहा करायच्या नोकरीचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर!

कामचुकाराला मालकाने खुशाल काढावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एमआयडीसीचा भूखंड, रस्ता, पाणी सरकारने दिलेलं असताना भरती तेवढी ‘घरची बाब’ कशी? आपल्या आमदारांनी हा विषय विधानसभेत मांडावा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली